‘द डिसायपल’ : पटकथेचं बक्षीस कशासाठी, ते बघायला तरी बघाच

सिनेमाला बाहेरदेशी बक्षीस मिळालं की आपल्याकडचे निम्मे लोक तो लांबूनच ओवाळतात. चांगला असणार, पण संथ असणार, असं आधीच ठरलेलं असतं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’ या मराठी सिनेमाचं तेच झालं. माझ्या ओळखीतल्या चार जणांनी तो नेटफ्लिक्सवर अर्ध्यात सोडला आणि कारण एकच सांगितलं : त्यात काही घडतच नाही. आणि सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला बक्षीस कशाचं मिळालं? पटकथेचं. शिवाय समीक्षकांच्या फिप्रेस्की संघटनेचंही. अर्ध्यात सोडणाऱ्यांना हे कोडं वाटतं, आणि मला या सिनेमाबद्दल मुख्यतः याच कोड्याविषयी बोलायचंय.

आपण नाटकावर वाढलेली माणसं. लेखन म्हणजे संवाद, आणि चांगलं लेखन म्हणजे टाळी घेणारं वाक्य, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. त्या हिशोबाने इथे लेखन दिसत नाही, कारण नायक बोलतच नाही. शरद नेरुळकर हा मुंबईत राहून शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा. वडील त्याच गुरुजींकडे शिकले, गायक म्हणून पुढे येऊ शकले नाहीत, आणि मुलाच्या डोक्यात लहानपणापासून गाणं भरत राहिले. शरद मनापासून रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, जुन्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढून विकतो. गाणं मात्र जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही. का पोचत नाही, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. वर्षं तेवढी जातात.

पहिलाच प्रसंग बघा. गुरुजी गातायत आणि शरद मागे तानपुऱ्यावर आहे. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो, पण गाणाऱ्याकडे नाही, मागे बसलेल्या शरदच्या चेहऱ्याकडे. ऐकताना त्याच्या डोळ्यांत भक्ती आहेच, पण त्याखाली एक हावही आहे : हे मला कधी येणार? एकही शब्द न उच्चारता पात्र उभं राहिलं, सिनेमाचा प्रश्नही मांडून झाला. हा नुसता छायाचित्रणाचा गुण नाही. कुणाकडे बघायचं हे आधी कागदावर ठरलेलं असतं, आणि मी त्यालाच लेखन म्हणते.

दुसरी गोष्ट मोटारसायकलची. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शरद संथ गतीत जात असतो आणि कानात माईंची व्याख्यानं चालू असतात. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू, त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण बाहेर नाही. त्या सांगतात की या वाटेवर यायचं तर एकटं आणि उपाशी राहण्याची तयारी ठेवा. हा आवाज सुमित्रा भावेंचा आहे. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळवून देणाऱ्या जोडीतल्या दिग्दर्शिका सुमित्राताई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ते माहीत असताना हे प्रसंग ऐकणं मला सोपं गेलं नाही. पण पटकथेची हुशारी पुढे आहे. आधी ही वाक्यं शरदला बळ देतात. वय वाढतं तशी त्याच शिकवणीची धार त्याच्यावरच उलटते. आवाज तोच, शिकवण तीच, ऐकणारा तेवढा बदललेला.

आणि मग जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक भेटतो. शरद मोठ्या आदराने त्याच्यासमोर बसतो, आणि हा गृहस्थ माईंबद्दल, त्या काळच्या गवयांबद्दल, नको ते अगदी सहज आवाजात सांगत सुटतो. सगळ्या सिनेमात भरभरून बोलणारं माणूस हेच, आणि त्याचं बोलणं खरं की नुसत्या बाजारगप्पा, हे आपल्याला कधीच कळत नाही. शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. असा एक प्रसंग लिहिता आला तरी मी त्या लेखकाला बक्षीस देईन.

खटकलं ते टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या मुलीचं उपकथानक. साधी मुलगी हळूहळू चकचकीत होत जाते, हे आपल्याला पहिल्या झलकीतच कळतं. बाकी सिनेमा प्रेक्षकावर इतका विश्वास टाकत असताना इथे बोट धरून नेल्यासारखं वाटतं. उलट शरद स्वतः भाग घेतो त्या स्पर्धेचा निकाल बघा. नावं पुकारली जातात, त्याचं येत नाही, आणि त्याला आनंदी दिसायचंय. बक्षीस न मिळण्याबद्दल इतकं खरं मी मराठी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही.

शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघेही मुळात गायक आहेत, त्यामुळे गळ्याला ओठ जुळवण्याची कसरत नाही. विशेषतः द्रविडांचे थकलेले गुरुजी बघा. दुखणं अंगावर काढत, शिष्याला ना फार कौतुक ना फार दूषण. संगीताची आखणी अनीश प्रधानांची. म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर हा सिनेमा लावूच नका, तानपुराच ऐकू येणार नाही. चांगले हेडफोन लावा आणि इंग्रजी सबटायटल्स बंद करा. मराठी माणसाला त्यांची गरज नाही, आणि नजर खाली गेली की चेहरे निसटतात. दोन तासांच्या थोडा वर आहे, एका बैठकीत संपवा.

घरात गाणं शिकणारं कुणी असेल तर मात्र त्यांच्यासोबत बसण्याआधी एकदा एकट्याने बघून घ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मी तो इतक्यात दाखवणार नाही. त्याच्या आईवडिलांना नक्की दाखवेन.