आसोद्याचं भरीत, पत्र्याची शेड आणि वांगं नेमकं कुणाचं

जळगावात राहून आसोद्याला भरीत खायला जाणं ही काही ट्रिप नाही, पाच-एक किलोमीटर, हेल्मेट घालायचा कंटाळा येतो इतकं जवळ. तरी या रविवारी घरून निघायला साडेबारा वाजले कारण पुण्याहून मावसभाऊ आणि त्याची बायको आलेली, आणि वहिनीला समजावण्यात अर्धा तास गेला की बाई गं, भरीत म्हणजे ते काळं वांगं गॅसवर भाजून दह्यात कालवलेलं नव्हे.

जागेला नाव नाही. गावात शिरायच्या आधी डाव्या हाताला शेताच्या बांधाला लागून पत्र्याची शेड, चार प्लास्टिकची टेबलं, मागे कपाशीच्या काड्यांचा ढीग. ढीग दिसला की थांबायचं, बाकी खूण नाही. शहरातली बरीच ठिकाणं आता गॅसवर भाजतात, मग कितीही मिरची कुटा, तो धुराचा वास काही येत नाही. शेडवरच्या आजींना मी हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "गॅसवर भाजलं तं त्याले वास कुठून येईन रे भाऊ?" झालं, अर्धा रिव्ह्यू इथेच संपला.

गेलो तेव्हा वांगी नुकतीच आगीत टाकलेली, थांबावं लागलं चांगला पाऊण तास. पण बघायला मजा येते. वांगी मोठी, हिरवट पांढरी, एकेक हातात धरवत नाही अशी. सुरीनं टोचे मारून काड्यांच्या जाळात टाकतात, वरून साल पार कोळसा होते, मग पाण्यात हात बुडवत चटचट सोलायचं, आणि तो गर बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायचा. मिक्सर नाही, चमचा नाही. भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण त्यातच कुटतात, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. टोमॅटो नाही, हळद नाही, त्यामुळे रंग तसाच फिका राहतो. वहिनीला आधी वाटलं शिजलंच नाही. पहिला घास झाला आणि नंतर तिनं रंगाबद्दल एक शब्द काढला नाही.

आम्ही मोठी माणसं पाच, दीड किलो घेतलं, पुरलं आणि थोडं उरलं. भाव लिहीत नाही, मी एक लिहीन आणि तुम्ही जाल तेव्हा वेगळा असेल, मग मला शिव्या. सोबत पुऱ्या आणि सांगितलं तर कळण्याची भाकर. भाकरच सांगा. ज्वारी आणि सालीसकट उडीद दळून केलेली, जरा जाडसर, भरिताबरोबर तीच शोभते. पुऱ्या तेलकट होत्या आणि दुसऱ्या घाण्याच्या तर थंडच आल्या.

शेजारच्या टेबलावर भादली गावचे एक काका होते, त्यांनी जेवता जेवता सहज सोडून दिलं की "वांगं भादलीचं, नाव आसोद्याचं." मला वाटलं आता भांडण. पण मालक गालात हसले, म्हणाले, "अन् बामणोदवाल्याले इचारलं तं तो म्हनीन दोघांचंबी नाही." बामणोद तापीपलीकडे, यावल तालुक्यात, तिथली वांगी भरिताला नावाजलेली, त्यामुळे तेही खोटं नाही. 2016 साली भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो जळगावच्या नावानं, म्हणजे पिकवणार ही गावं आणि सर्टिफिकेटवर नाव शहराचं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी आणखी एक पुरी मागवली.

येता-जाता मात्र एक गोष्ट खटकते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एनए प्लॉटच्या पाट्या, मागच्या हिवाळ्यात जिथे वांग्याचं शेत पाहिलेलं तिथे आता मुरूम टाकून खुंट्या ठोकल्यात. मेहरूणचं काय झालं ते आठवतं. मेहरूणची बोरं म्हणजे बोराची जातच त्या नावानं ओळखतात, पण गाव शहरात आलं, बंगले झाले, आणि आता बोरीचं झाड शोधत फिरावं लागतं. पिंप्राळाही आता शहरातच आलंय, तरी तिथला आषाढीचा रथ अजून निघतो. रथाला रस्ता पुरतो, वांग्याला जमीन लागते.

आसोदा कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, 1880 मध्ये त्या इथेच जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या. वहिनी म्हणाली एवढ्या जवळच्या माहेराची कवितांत एवढी ओढ? मी म्हटलं तेव्हा गाडी नव्हती ना, आणि सासरहून निघायची परवानगी ही किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. भावाने यावर बायकोकडे बघायचं टाळलं.

जेवण झाल्यावर पान हवं म्हणून हट्टानं शिरसोलीला गेलो, जे की पूर्ण उलट्या दिशेला, परत सगळं जळगाव ओलांडून. शिरसोली पानमळ्यांची, आणि या नावाची गावंही दोन, शिरसोली प्र.न. आणि शिरसोली प्र.बो., पत्रावर नीट लिहिलं नाही तर पोस्टमन वैतागतो. पान ताजं होतं, पण पानासाठी एवढं पेट्रोल, असं घरच्यांचं मत पडलं. वाटेत जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ संग्रहालय लागतं, पाहुण्यांना तेवढं दाखवून झालं म्हणून मी वाचलो.

तर शेडला माझे पाचात चार. एक कापला तो पुऱ्यांसाठी, आणि दुसरं म्हणजे आमचे कपडे बघूनच मालकांनी विचारलं "कमी तिखट करू का?" ते पाहुण्यांकडे बघून विचारलं हे मला कळतं, पण हळूहळू सगळ्यांनाच कमी तिखट यायला लागेल ही भीती आहे. हात धुवायला बादली आणि मग्गा, संडासाची सोय नाही, म्हातारी माणसं असतील तर आधी विचार करा.

जायचं असेल तर चंपाषष्ठीनंतर थंडी असेपर्यंतच जा, ऊन तापलं की वांग्यात बिया होतात. निघायच्या तासभर आधी वांगी टाकायला सांगता आली तर उत्तम, नाहीतर आमच्यासारखं भुकेल्या पोटी जाळाकडे बघत बसावं लागेल. आणि पार्सल हवं असेल तर घरून स्टीलचा डबा न्या, त्यांच्या पिशवीतून तेल गळून माझ्या डिकीला अजून लसणाचा वास येतोय.