अनोव्हा की ग्रोथ मॉडेल?

समजा, फोंड्यातल्या कॉलेजात मुलांची चिंता जूनपासून दर महिन्याला जीएडी-७ वर मोजायची आहे: सात प्रश्न, गुण ० ते २१. चवथीला निम्मा वर्ग गावच्या घरी. रिपीटेड मेझर्स अनोव्हा, म्हणजे त्याच मुलांच्या वेगवेगळ्या वेळच्या सरासरी गुणांची तुलना करणारी चाचणी. तिची अडचण इथेच. एक फेरी चुकली की नेहमीच्या पद्धतीत त्या मुलाच्या सगळ्याच नोंदी बाद. शिवाय ती बोलते सरासरीबद्दल. कुणाची चिंता चढली, कुणाची तितकीच उतरली, तर सरासरी सपाट, आणि आपण म्हणणार ‘काही फरक नाही’!

मल्टिलेव्हल ग्रोथ मॉडेल प्रत्येक मुलाला स्वतःची रेष देतं: सुरुवात वेगळी, चढ वेगळा. लेअर्ड आणि वेअर या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८२ च्या लेखानंतर ही मांडणी रुळली. आज ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या एलएमई४ या पॅकेजमध्ये ती एका ओळीत बसते. असतील तेवढ्या नोंदी वापरते, तारखा मागेपुढे झाल्या तरी चालतं. पण चिंता वाढली म्हणूनच मूल गैरहजर राहिलं आणि आधीच्या गुणांत त्याची चाहूल नसेल, तर हेही फसतं.

दोन-तीन फेऱ्या, सगळे हजर, प्रश्न फक्त सरासरीचा: अनोव्हा पुरे. एरवी मी तरी मॉडेलच घेईन. मात्र दोनच फेऱ्यांवर चढातला फरक आणि मोजणीतली चूक वेगळी काढता येत नाही. निदान तीन हव्यातच.