शिरोलीचा सर्व्हर आणि राजारामपुरीतील राखीव प्रत : व्हीमच्या ‘बॅकअपमधून रेप्लिका’ सुविधेचे परीक्षण

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आले आणि कोल्हापूर शहरातून शिरोली एमआयडीसीकडे जाण्याची वाट काही दिवस बंद राहिली. आमची फौंड्री तिकडे, तर हिशेब, खरेदी आणि पगार पाहणारे कार्यालय राजारामपुरीत; सर्व्हर मात्र सगळे फौंड्रीत. दुसऱ्या पुरात सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता आणि बॅकअप रोजच्या रोज झालेले होते. तरीही वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यामुळे राजारामपुरीतील मंडळींनी त्या महिन्याचे पगार हाताने लिहिलेल्या यादीवरून केले. बॅकअप होते, पण नदीच्या पलीकडे. त्यानंतर आम्ही व्हीम बॅकअप अँड रेप्लिकेशन हे सॉफ्टवेअर घेतले आणि त्यातील बॅकअपमधून राखीव व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक), म्हणजे रेप्लिका, तयार ठेवण्याची सुविधा वापरू लागलो. हे परीक्षण प्रामुख्याने त्या सुविधेचे आहे आणि ते बाराव्या आवृत्तीच्या वापरावर आधारलेले आहे.

नेहमीच्या रेप्लिकेशनमध्ये चालू मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेऊन तिचा डेटा दुसऱ्या होस्टवर, म्हणजे अशा मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर, पाठवला जातो. बॅकअपमधून रेप्लिका करताना मूळ मशीनला हातच लावला जात नाही. रिपॉझिटरीत (बॅकअप साठवण्याच्या जागेत) असलेल्या बॅकअपमधून डेटा वाचून राखीव होस्टवर मशीन उभी केली जाते. आमच्याकडे रात्री शिरोलीत बॅकअप होतो, त्याची प्रत राजारामपुरीतील रिपॉझिटरीत येते आणि रेप्लिका त्या प्रतीवरून तिथल्या तिथेच बनते. म्हणजे एकच डेटा नदी दोनदा ओलांडत नाही आणि भट्टीच्या पाळ्या सुरू असताना उत्पादनाच्या डेटाबेसवर दुसऱ्या स्नॅपशॉटचा भार पडत नाही. ज्यांची लाइन बेताची आहे त्यांच्यासाठी ही रचना मला साध्या रेप्लिकेशनपेक्षा निःसंशय सरस वाटते.

मात्र ती उभी करण्यासाठी काय काय लागते, हे विक्रेते अर्धेच सांगतात. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने राखीव होस्टवर ईएसएक्सआय या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीची मोफत आवृत्ती टाकून खर्च वाचवण्याचा प्रस्ताव दिला होता. बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरला आत काम करण्यासाठी लागणारे एपीआय (जोडणीचे मार्ग) त्या आवृत्तीत खुले नसतात, त्यामुळे तिथे रेप्लिका बनवताच येत नाही. म्हणजे दुसऱ्या होस्टलाही विकतचा परवाना हवा, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यापासून तो कायमस्वरूपी न मिळता वर्गणीवर मिळतो. शिवाय प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोर धरले जातात. आमच्या अंदाजपत्रकात सर्वात मोठा आकडा व्हीमचा नव्हता, हाच होता. राखीव यंत्र जुने असले तरी चालते, पण त्यावरील ईएसएक्सआय मूळ मशीनची हार्डवेअर आवृत्ती पेलणारे हवे आणि आणीबाणीत ज्या मशीन खरोखर लागणार आहेत तेवढ्यांना पुरेल इतकी मेमरी त्यात हवी. आम्ही सातपैकी चारच मशीन निवडल्या.

जागेचा हिशेब लोक हमखास चुकवतात. राजारामपुरीत बॅकअपची प्रत आणि रेप्लिका या दोन्हींना जागा लागते, कारण रेप्लिका बॅकअपसारखी दाबून ठेवलेली फाइल नसते. ती व्हीएमवेअरच्या मूळ स्वरूपातील पूर्ण डिस्क असते. तिचे मागचे टप्पे स्नॅपशॉटच्या रूपाने राहतात आणि त्यांची कमाल मर्यादा २८ आहे. आम्ही सातच ठेवतो. त्याहून जुने काही हवे असेल तर बॅकअप आहेतच. पहिली प्रत लाइनवरून पाठवण्याचा हट्ट करू नये. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून, ती पूर्ण वेगाने चालली असे धरले तरी, एक टीबी जायला सुमारे २२ तास लागतात. आम्ही पहिला बॅकअप डिस्कवर घेतला, ती डिस्क टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या डिकीतून राजारामपुरीत आणली आणि कॉपी जॉबला (प्रत पाठवण्याच्या नेमून दिलेल्या कामाला) त्या फाइलशी जोडून दिले. त्यानंतर लाइनवरून फक्त बदललेला भाग जातो.

व्हीमचा मुख्य सर्व्हर कुठे ठेवायचा, हा प्रश्न मी स्वतः आधी चुकीचा सोडवला होता. तो शिरोलीत ठेवला होता. शिरोली बंद पडली तर फेलओव्हरची, म्हणजे काम राखीव मशीनवर वळवण्याची, आज्ञा कोणत्या पडद्यावरून द्यायची, हा साधा विचार सहा महिने डोक्यात आला नाही. आता तो राजारामपुरीत आहे. दोन्ही बाजूंच्या फायरवॉलमध्ये होस्टकडे जाणारे ४४३ आणि ९०२ हे पोर्ट, तसेच डेटाच्या वाहतुकीसाठी २५०० ते ३३०० ही मालिका खुली ठेवावी लागते.

सर्वात महत्त्वाची अट मात्र बॅकअपचीच आहे. अशी रेप्लिका बॅकअपपेक्षा ताजी असू शकत नाही आणि त्याच्यापेक्षा निरोगीही असू शकत नाही. रेप्लिकाचा जॉब दर तासाला लावला तरी नवा बॅकअप आलेला नसेल तर नवा टप्पा तयार होत नाही. आम्ही दिवसातून एकदा बॅकअप घेतो, म्हणून आमचे नुकसान एका दिवसाच्या नोंदींपर्यंत जाऊ शकते आणि व्यवस्थापनाने ते लेखी मान्य केले आहे. डेटाबेस सुसंगत अवस्थेत टिपण्याचे कामही बॅकअपच्या वेळीच व्हावे लागते. तिथे तो पर्याय बंद राहिला असेल तर रेप्लिकाच्या जॉबमध्ये ती चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. ज्यांना पंधरा मिनिटांपुढचे नुकसान परवडत नाही त्यांनी या सुविधेच्या वाट्याला जाऊ नये.

मे महिन्यातील एका रविवारी आम्ही शिरोलीची लाइन मुद्दाम काढून पूर्ण चाचणी घेतली. नावापुढे ‘_रेप्लिका’ अशी शेपटी लावलेल्या चारही मशीन पाच-सहा मिनिटांत सुरू झाल्या आणि विंडोजच्या मशीनचे आयपी पत्ते आधी लिहिलेल्या नियमांनुसार आपोआप बदलले. हे नियम फक्त विंडोजसाठी चालतात. हजेरीच्या लिनक्स मशीनचा पत्ता मला हाताने बदलावा लागला. मग पगाराचे सॉफ्टवेअर उघडले आणि ‘परवाना सापडला नाही’ असे म्हणून बंद झाले. त्याचा यूएसबी डाँगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) शिरोलीच्या सर्व्हरच्या पाठीमागे लावलेला होता, आणि डाँगलची रेप्लिका होत नाही. दुसरी अडचण सोमवारी वजनकाट्यावर कळली असती, पण काट्याचा ऑपरेटर त्या दिवशी हौसेने आला होता : त्याच्या संगणकात सर्व्हरचे नाव न घालता जुना आयपीच कोणीतरी पक्का लिहून ठेवला होता.

अशा चाचणीनंतर ‘अनडू फेलओव्हर’ केले की राखीव मशीनवर केलेले बदल टाकून दिले जातात, हे कार्यालयातील प्रत्येकाला आधी सांगून ठेवावे. आमच्या लेखापालांनी उत्साहाने तीन खऱ्या पावत्या तिथे भरल्या होत्या. रेप्लिका व्हीएमवेअरच्या पडद्यावरून हाताने कधीही सुरू करू नये, ती व्हीममधूनच सुरू करावी. अन्यथा पुढचा जॉब बिघडतो.

सॉफ्टवेअरवर मी समाधानी आहे. त्याचे अहवाल वाचायला सोपे आहेत आणि दोन वर्षांत फेलओव्हरने धोका दिलेला नाही. दुसरा डाँगल मिळवायला मात्र पगाराच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. तो आता राजारामपुरीत राखीव होस्टच्या मागे लावलेला आहे आणि ‘काढू नये’ अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली आहे. यंदाची चाचणी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचण्याची वाट न पाहता मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आहे.