डीबीटी कौशल्यांचा ऑनलाइन वर्ग : आठ महिन्यांनंतर

बाबा गेल्यावर रडणं आणि संतापणं माझ्या ताब्यात राहिलं नव्हतं. लेकीवर ओरडायचं आणि रात्री मोरीत नळ सोडून रडायचं, असं चाललं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला डीबीटीचा, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीचा, कौशल्यवर्ग सुचवला. नोकरी सांभाळून भांडुपहून दर आठवड्याला कुठे जाणं जमणार नव्हतं, म्हणून ऑनलाइन घेतला. २४ आठवडे, दर शनिवारी संध्याकाळी दोन तास. तो संपूनही आता अडीच महिने झाले.

ही पद्धत मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुळात सतत जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसांसाठी बांधली. तरुणपणी आपणही त्यातून गेलो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते कळल्यावर मला वर्गात बसायचा धीर आला. सजगता, त्रास सोसणं, भावना हाताळणं आणि माणसांशी बोलणं, असे चार भाग असतात.

मला सगळ्यात जास्त दिलं ते डायरी कार्डाने. रोज रात्री त्यात भावनेचं नाव आणि तिचा जोर शून्य ते पाच आकड्यांत लिहायचा. पहिले तीन आठवडे माझ्या कार्डावर एकच होतं, ‘कसंतरीच होतंय’. मॅडमनी विचारलं, “कसंतरी म्हणजे नक्की कुठे होतंय? पोटात, छातीत, घशात?” तिथून वाट सापडली. पोटात गोळा आला की ती भीती. कानशिलं तापली की राग. आणि घसा दाटून यायचा त्याला मी दुःख म्हणत होते, पण दोन महिन्यांची कार्डं समोर ठेवली तेव्हा दिसलं की तो भावाचा फोन आल्यावरच दाटतो. बाबांना व्हेंटिलेटरवर ठेवायला होकार मी दिला होता. ते अपराधीपण होतं. नाव सापडल्यावर ते कमी झालं नाही, पण त्या पायी लेकीवर हात उगारणं थांबलं.

अगदी अनावर होतं तेव्हासाठी गार पाण्याची युक्ती आहे. श्वास रोखून, वाकून, चेहरा थंड पाण्यात अर्धा मिनिट धरायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराची ती उपजत प्रतिक्रिया आहे. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच तापलेलं येतं, म्हणून मी परातीत बर्फ टाकून करते. हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. लोकलमध्ये परात कुठली! तिथे श्वास. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. विक्रोळी सुटली की सुरू करते, घाटकोपर येईपर्यंत खांदे खाली आलेले असतात. हे शांत असताना रोज केलं तरच ऐन वेळी आठवतं. पहिल्या महिन्यात मी सराव केला नाही आणि काहीच उपयोग होत नाही असं समजत राहिले.

तक्रारीही आहेत. सगळे कागद इंग्रजीत होते आणि मन रमवण्याच्या यादीत बाथटबमध्ये पडून राहा असं लिहिलेलं. आमच्या मोरीत बादली कशीबशी मावते. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती होती. गटाच्या विश्वासासाठी ती हवी हे मला पटतं, पण दीड खोलीत पाच माणसं असताना रडणार कुठे? शेवटी वर्गात शिकलेलंच सासूबाईंवर वापरलं. आधी जे आहे ते सांगायचं, मग आपल्याला काय वाटतं ते, मग मागणं स्पष्ट मांडायचं. म्हटलं, “आई, शनिवारी सहा ते आठ माझा वर्ग असतो. सगळ्यांसमोर बोलायला मला अवघड होतं. तेवढा वेळ तुम्ही आणि पोरगी खाली बागेत गेलात तर बरं होईल. भाकऱ्या तुम्ही आल्यावर मी टाकते.” त्या गप्प राहिल्या. पण शनिवारी साडेपाचला चपला घालून तयार होत्या.

एक भाग मला अजून जमलेला नाही, जे घडलं ते पूर्णपणे स्वीकारण्याचा. स्वीकारणं म्हणजे ते बरोबर होतं म्हणणं नव्हे, हे डोक्याला कळतं. बाबांच्या खाटेकडे पाहिलं की सुटतं.

आणि हा वर्ग म्हणजे उपचार नाही. गटात कौशल्य शिकवतात, तुमची कहाणी ऐकायला वेळ नसतो. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री काहीच चालेना, तेव्हा मी टेलिमानसच्या १४४१६ वर फोन केला. ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन भेटले. कुणाला जीव नकोसा वाटत असेल तर कोर्सच्या तारखेची वाट बघू नका, आधी हे करा.

दुसरी फेरी घ्यायचा विचार सध्या नाही. कोरं कार्ड स्टेशनबाहेर झेरॉक्स करून आणते, एका बाजूला मराठीत भावनांची नावं लिहून. परवा लेकीने त्यातलं एक मागितलं.