शिध्याचं किट की वाण्याची चिठ्ठी?

पूर आला किंवा इमारत रिकामी करावी लागली की बेघर झालेल्यांना पहिले दोन-तीन दिवस शिजवलेलं जेवण द्यायचं, यावर वाद नाही. ज्याचा सिलिंडर सील केलेल्या इमारतीत अडकलाय, त्याच्या हातात तूरडाळ ठेवून काय होणार? खरा प्रश्न चौथ्या दिवशी येतो. कुटुंबं महापालिकेच्या शाळेतून कुणी मेहुण्याकडे, कुणी भाड्याच्या खोलीत पांगलेली असतात. मंडळाकडे थोडे पैसे जमलेले असतात आणि ग्रुपवर चर्चा सुरू होते, शिध्याची किटं वाटायची की किराण्याची चिठ्ठी द्यायची, म्हणजे कुटुंबाने ती दाखवून वाण्याकडून हवा तो माल घ्यायचा आणि पैसे मंडळाने भरायचे?

ठाण्यात यासाठी पूर यायलाच हवा असं नाही. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये इमारत कोसळून 74 माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. 'सी-1' म्हणजे अतिधोकादायक असा शिक्का बसला की इमारत रिकामी करावीच लागते, आणि माणसं एका दिवसात बेघर होतात.

आम्ही कळव्यात दोन्ही करून पाहिलं. आधी किटं. वाशीच्या दाणाबंदरातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, माल उचलला, पार्किंगमध्ये रात्री बारापर्यंत पिशव्या भरल्या. किट स्वस्त पडतं, हे मान्य. हिशेबाचा कागदही एकच.

माशी शिंकली ती साबणावर. कुणीतरी हौसेने प्रत्येक पिशवीत कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या टाकल्या, त्याही कणकेच्या पुड्याला खेटून. दोन दिवस पिशव्या बंद खोलीत होत्या. तिसऱ्या दिवशी एक वहिनी मळलेला गोळा ताटलीत घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, वास घ्या." घेतला. लिंबाच्या साबणाचा. आवाज चढवला नाही त्यांनी, फक्त "पोरं थुंकतात हो" एवढंच बोलल्या. मला त्या ताटलीकडे बघवेना. साबण वेगळा बांधता आला असता, हे खरंच. पण खुपलं ते वेगळंच. नेहमीच्या दुकानातून आणलेली कणीक असती, तर त्या तडक तावातावाने दुकानात जाऊन बदलून घेऊन आल्या असत्या. फुकटच्या पिशवीपुढे माणूस 'वास घ्या' एवढंच म्हणतो.

पुढच्या खेपेला चिठ्ठी दिली. जवळच्या वाण्याशी बोललो, कुटुंबामागे ठरावीक रक्कम, मागे मंडळाचा शिक्का. कटकट आहेच. भाव आधी लिहून घेतले नाहीत तर तेल दोन रुपयांनी वर जातं. गुटखा-सिगारेट चालणार नाही, हे वाण्याला दोनदा सांगावं लागतं. संध्याकाळी कुणीतरी वहीजवळ बसावं लागतं. आम्ही आळीपाळीने बसलो. एका आजींनी नाचणीचं पीठ आणि तपकिरीची डबी घेतली. डबी यादीत नव्हती. लिहिली.

प्रमाणाची गल्लत मात्र दोन्हीकडे होते. मदतकार्यात माणशी रोज 2,100 कॅलरीचं माप धरतात. रेशनचं माणशी महिना 5 किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम 166 ग्रॅम, साधारण पावणेसहाशे कॅलरी. 'रेशन मिळतंय ना' म्हणून हात आखडू नका. तेल-डाळ-गूळ यांवर रक्कम धरा.

किटं अगदी मोडीत काढावीत असंही नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली होती, तिथे चिठ्ठी कुणाला दाखवणार? दुकानच बुडालं असेल किंवा रस्ता तुटला असेल, तर किटच. पण दुकान शाबूत असून माणसं तेवढी विस्थापित झालेली असतील, जे आपल्याकडे जास्त वेळा होतं, तिथे माझा कल तरी चिठ्ठीकडे आहे. ग्रुपमधले दोघे अजून किटवाले आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलंय, साबण निदान निराळ्या पिशवीत बांधा.