पाण्याच्या पिंपाची जाळीदार टोपी : दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा आमच्या भागात बहुतेकांनी या आजाराचे नावही ऐकले नव्हते. १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात सापडलेला हा विषाणू बेलसरसारख्या गावापर्यंत पोहोचला, याचे आश्चर्य वाटते. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आमच्याकडे आधीपासूनच होता आणि डेंग्यू व चिकुनगुन्या तोच देत होता. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक अंगणात पिंपे भरलेली असतात, आणि या डासाला नेमके असेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते.

जून २०२४ मध्ये पुण्यात एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण आढळू लागले, त्याच आठवड्यात मी दोनशे लिटरच्या पिंपावर बसणाऱ्या चार टोप्या प्रत्येकी १४० रुपयांना घेतल्या. मच्छरदाणीच्या कापडाची गोल जाळी, कडेला इलॅस्टिक आणि तांब्या आत जावा म्हणून मधोमध चेन, अशी त्यांची साधी रचना आहे. हा डास दिवसा चावत असल्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीचा त्याच्याविरुद्ध फारसा उपयोग होत नाही, म्हणून मला पिंपच झाकणे अधिक योग्य वाटले.

पहिल्या पंधरवड्यात मात्र एका टोपीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पट्ट्यांचे डास अडकलेले दिसले आणि माझा विश्वास डळमळला. चूक टोपीची नव्हती. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते, ती अनेक महिने कोरडी राहूनही टिकतात आणि पाणी चढले की आठ-दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतात. मी ते पिंप न घासताच झाकले होते. त्यानंतर दर आठवड्याला पिंप रिकामे करून काथ्याने आतून खरवडून घासल्यावर अळ्या दिसल्या नाहीत. जाळी नुसती चढवून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

खरा दोष चेनमध्ये आहे. घाईत पाणी काढणारा माणूस ती अर्धवट उघडी ठेवतो, आणि मादीला तेवढी फट पुरते. आमच्या सासूबाईंनी तर दुसऱ्याच दिवशी हे ओळखून त्या पिंपावर जुने धोतर सुतळीने घट्ट बांधले, आणि खरे सांगायचे तर ते या टोपीइतकेच चांगले काम करते. इलॅस्टिकही उन्हाने सैल होते. माझ्या चारपैकी दोन टोप्या पुढच्या मे महिन्यापर्यंत कडेने उचलल्या जाऊ लागल्या, तेव्हा मी इलॅस्टिक काढून नाडी ओवली. कापड मात्र दोन पावसाळ्यांनंतरही कुठे उसवलेले नाही, आणि जाळी असल्यामुळे पागोळ्यांचे पाणी वर न साचता थेट पिंपात उतरते, ही धातूच्या झाकणाला नसलेली सोय आहे.

नवीन घेणाऱ्यांनी चेन नसलेली, नाडीची टोपी मागावी. ती १० रुपयांनी स्वस्तही मिळते. ज्या पिंपाला खाली तोटी आहे, त्याच्यावर तीच बसवावी, म्हणजे पाण्यासाठी टोपी उघडावी लागत नाही.