‘एक पुणे’ कार्ड: दहा टक्क्यांसाठी घ्यायचं की रांगेसाठी?

वनाझ ते रामवाडी मेट्रोचं भाडं ३० रुपये. सोमवार ते शुक्रवार ‘एक पुणे’ या मेट्रोच्या प्रवास कार्डाने गेलात तर १० टक्के सूट मिळते, म्हणजे २७ रुपये पडतात. एका फेरीला तीन रुपये वाचले. एवढ्याच आकड्यावर ‘एक पुणे’ कार्डाची जाहिरात होते आणि एवढ्याच आकड्यावर पुणेकर ते नाकारतोही. दोन्ही हिशेब अर्धे आहेत.

आधी पैशांचं बघू. कार्डाची किंमत वेळोवेळी बदलत आली आहे, मध्येमध्ये सवलतीच्या दरातही ते मिळालं आहे. समजा कर धरून ११८ रुपयांना घेतलं. महिन्यात २२ दिवस ऑफिस, रोज जाऊन-येऊन ४४ फेऱ्या, प्रत्येक फेरीला तीन रुपये, असे १३२ रुपये वाचतात. पहिल्या महिन्यातच कार्ड वसूल, वर १४ रुपये. पण तुमचा टप्पा जवळचा असेल आणि भाडं १० रुपयेच असेल तर वाचतो फक्त एक रुपया. तेच ११८ रुपये वसूल व्हायला ११८ फेऱ्या, म्हणजे कामाचे जवळपास तीन महिने. आठवड्यातून एकदाच मेट्रोने जाणाऱ्याने तर सवलतीचा विचारच सोडून द्यावा.

शनिवार-रविवारी गंमत उलटी. त्या दोन दिवशी सगळ्यांनाच ३० टक्के सूट असते, कागदी क्यूआर तिकिटावरही. वनाझ-रामवाडी २१ रुपयांत होतं, हातात कार्ड असो वा नसो. मेट्रो फक्त रविवारी लक्ष्मी रोडच्या खरेदीसाठी किंवा पाहुण्यांना फिरवायला वापरणाऱ्यांसाठी कार्ड म्हणजे पाकिटात आणखी एक प्लास्टिक. १०० रुपयांचा दिवसभराचा पासही शनिवार-रविवारी क्वचितच परवडतो: ३० रुपयांच्या चार फेऱ्या सुटीच्या दराने ८४ रुपयांतच होतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी मात्र त्याच चार फेऱ्यांना तिकिटाने १२०, कार्डाने १०८ लागतात, तेव्हा पास घ्यावा.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. त्यांच्या पासवर कामाच्या दिवशीही ३० टक्के सूट आहे, पदवीपर्यंत. ३० रुपयांच्या टप्प्यावर फेरीला नऊ, दिवसाला १८ रुपये. ११८ रुपये धरले तरी सातव्या दिवशी वसूल. कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड घेऊन काउंटरवर जायचा आळस करू नये. शनिवारी ही सूट दुप्पट होत नाही, तीच ३० टक्के राहते.

आता कार्ड म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. ‘एक पुणे’ हे एचडीएफसी बँकेचं, रुपेच्या जाळ्यावरचं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे देशभरातल्या मेट्रो-बससाठी ठरवलेल्या एकाच पद्धतीचं कार्ड आहे. देशात ही पद्धत मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. या कार्डाला दोन कप्पे असतात. एक कप्पा बँकेच्या सर्व्हरवर, त्यातले पैसे दुकानात वापरता येतात. दुसरा कप्पा खुद्द चिपमध्ये, आणि मेट्रोचं गेट पैसे घेतं ते फक्त या दुसऱ्या कप्प्यातून. गेटला बँकेला विचारायला वेळ नसतो. गर्दीच्या वेळी प्रत्येकासाठी सर्व्हरशी बोलत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून चिपमधली शिल्लक वाचायची, भाडं वजा करायचं, दार उघडायचं, एवढंच ते करतं. सगळं क्षणभरात.

याचा परिणाम असा: घरी बसून मोबाइलवरून ५०० रुपये भरले, मेसेज आला, ॲपमध्ये शिल्लक दिसली, आणि तरीही गेट म्हणतं पैसे नाहीत. पैसे बुडालेले नसतात. ते पहिल्या कप्प्यात पडून आहेत, चिपवर उतरलेले नाहीत. त्यासाठी स्टेशनवर काउंटरला किंवा तशी सोय असलेल्या मशिनवर कार्ड लावून ‘बॅलन्स अपडेट’ करून घ्यावं लागतं. ही एक पायरी ॲपवाले ठळक अक्षरांत सांगत नाहीत, हा या कार्डाचा सगळ्यात मोठा दोष. सोपा मार्ग म्हणजे सरळ काउंटरवर रोख किंवा यूपीआयने भरायचं आणि स्पष्ट सांगायचं, ‘चिपवर टाका’. आणि गेटकडे वळण्याआधी तिथेच शिल्लक वाचून घ्यायची.

चिपच्या कप्प्याची कमाल मर्यादा २,००० रुपये आहे. ती पुरते. २७ रुपयांच्या ४४ फेऱ्यांना १,१८८ लागतात, म्हणजे महिन्याचं भाडंही त्यात मावतं. १ तारखेला सकाळी नऊला भरायला जाऊ नका, दुपारी जा. उगाच पूर्ण २,००० भरूनही ठेवू नका. का, ते पुढे येतं.

कार्ड घ्यायला मेट्रो स्टेशनच्या काउंटरवर मोबाइल आणि ओळखपत्राचा नंबर लागतो. मोबाइल तुमच्या नावावरचा आणि हातातला हवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो. आई-वडिलांसाठी कार्ड काढताना मुलं स्वतःचा नंबर देतात आणि मग पुढे प्रत्येक वेळी ‘अरे, ओटीपी सांग’ असा फोन येत राहतो. अर्जासोबत दरपत्रक मागा आणि तीन ओळी शोधा: कार्डाची किंमत, दुसऱ्या वर्षापासूनचं वार्षिक शुल्क, आणि हरवल्यास नव्या कार्डाचं शुल्क. वर्षाला फेऱ्या कमी असतील तर ही मधली ओळच सगळी सूट खाऊन टाकते.

तुमच्याकडे आधीच कुठल्या बँकेचं रुपे डेबिट कार्ड असेल तर नवं घेण्याआधी ते उलटून-पालटून बघा. वायफायसारख्या लाटांचं चिन्ह दिसलं म्हणून खूश होऊ नका. ते टॅप करता येणाऱ्या प्रत्येक कार्डावर असतं. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचं चिन्ह वेगळं आणि ते असेल तरच आत चिपचा दुसरा कप्पा आहे. काही बँकांत हा कप्पा आधी चालू करून घ्यावा लागतो, नुसतं कार्ड गेटला लावून काही होत नाही. दुसऱ्या बँकेच्या कार्डावर १० टक्के सूट बसते की नाही हे काउंटरवर विचारून मगच त्यात पैसे भरा.

गेटवर चुका ठरलेल्या आहेत. कार्ड रीडरवर लावून लगेच ओढायचं, ही पहिली. चिपवर लिहायचं काम अर्धवट राहतं आणि मग ना धड आत ना धड बाहेर. हिरवा बाण येईपर्यंत कार्ड तिथेच सपाट धरा. दुसरी चूक, आख्खं पाकीट लावणं. आत टॅपची दोन-तीन कार्डं असतील तर रीडर गोंधळतो, पाकिटाला धातूचं अस्तर असेल तर त्याला काहीच दिसत नाही. तिसरी, बाहेर पडताना पुढच्या माणसाच्या मागून घुसून टॅप न करता निघणं. त्या वेळी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड म्हणतं तुम्ही अजून आतच आहात, आणि गेट उघडत नाही. मग कस्टमर केअरच्या खिडकीवर जाऊन जुनी फेरी मिटवून घ्यावी लागते, नियमाप्रमाणे भाडंही कापलं जातं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं आत जाऊ शकत नाहीत, तेही याच कारणाने: पहिली फेरी उघडी असेपर्यंत दुसरी सुरू होत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर एकाच मोबाइलवर चार क्यूआर तिकिटं काढणं कितीतरी सुटसुटीत.

सिव्हिल कोर्ट स्टेशनवर दोन मार्गिका मिळतात, तिथे गाडी बदलताना बाहेर पडून पुन्हा टॅप करायचं नाही. दोन्ही मार्गिका एकाच प्रवासात मोजल्या जातात. घाईत चुकून बाहेर पडलात तर दोन वेगळी भाडी कापली जातात आणि ती परत मागता येत नाहीत.

कार्डाचा खरा फायदा तीन रुपयांत नाही, तो जमिनीखाली आहे. शिवाजीनगर ते स्वारगेट हा सगळा टप्पा भुयारी. सिव्हिल कोर्टचा खालचा फलाट तर जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. अशा ठिकाणी मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि बाहेर पडताना क्यूआर उघडता उघडता बॅटरीने मान टाकली की मागची रांग काय बोलते हे पुणेकराला सांगायला नको. कार्डाला ना रेंज लागते ना चार्जिंग. तिकिटाच्या मशिनपुढे सकाळी उभं राहणं वाचतं ते वेगळंच. रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं वाचली तरी महिन्याचे साडेतीन तास होतात. कार्ड घ्यायचं ते यासाठी.

आता नावाचा प्रश्न. ‘एक पुणे’ म्हटल्यावर माणसाला वाटतं, मेट्रोतून उतरलो, तेच कार्ड दाखवून पीएमपीत, म्हणजे शहराच्या बसमध्ये चढलो. भाड्याच्या हिशेबात पुणं अजून एक झालेलं नाही. मेट्रोतून उतरून बस धरली की पीएमपीचं भाडं पहिल्या टप्प्यापासून नव्याने सुरू होतं, आणि पीएमपीचा मासिक पास मेट्रोत चालत नाही. बसमध्ये कंडक्टरकडे रोख, यूपीआय किंवा पास, आणि ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवरचं तिकीट, असा सरळ मामला आहे. बससाठी म्हणून मेट्रोचं कार्ड घेऊ नका.

१ जून २०२५ पासून पीएमपीचे दर टप्प्याने झाले: ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ४०. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनिक पास ७० रुपये, मासिक १,५००. आधी मासिक पास स्वस्त होता, तेव्हा तो डोळे झाकून घेतला जायचा. आता डोळे उघडे ठेवा. एका बाजूला २० रुपये लागत असतील तर २२ दिवसांचे ८८० होतात, पास घेऊन ६२० रुपये वाया. ३० रुपयांच्या टप्प्यावर महिन्यात २५ दिवस प्रवास केला तर बरोबर १,५०० होतात, ना नफा ना तोटा. ४० रुपयांच्या टप्प्याला किंवा दोन बस बदलणाऱ्याला मासिक पास परवडतो, पण तिथेही एक खोच आहे. रोज ७० चा पास २२ दिवस घेतला तर १,५४०. मासिक पासापेक्षा फक्त ४० रुपये जास्त. महिन्यात एक जरी सुटी किंवा घरून कामाचा दिवस आला तर २१ दिवसांचे १,४७० होतात आणि मासिक पास महाग पडतो. गणपती-दिवाळीच्या महिन्यांत तर रोजचा पासच घ्या.

मेट्रो आणि बस दोन्ही लागत असतील तर दोन्हीकडचे पास एकदम घेणं सहसा तोट्याचं. मेट्रो २७ आणि शेवटच्या टप्प्याला बसचे १०, दोन्ही वेळचे मिळून दिवसाला ७४, महिन्याला १,६२८. इथे मेट्रोचं कार्ड ठेवा आणि बसला सुटं तिकीट काढा.

राहिला प्रश्न कार्ड हरवल्याचा. लगेच बँकेला कळवून कार्ड बंद केलं तर सर्व्हरवरच्या कप्प्यातले पैसे सुरक्षित राहतात. चिपमधले मात्र गेलेच. गेट पिन विचारत नाही, नाव बघत नाही. ज्याच्या हाती कार्ड तो ते पैसे संपवू शकतो, आणि बँक त्यांची भरपाई देत नाही. दोन हजार भरून ठेवू नका म्हटलं ते याचसाठी. चिपमधले पैसे म्हणजे खिशातली नोट समजा: पंधरा दिवसांना पुरतील एवढे, ५००-६०० रुपये, बास. कार्डावर महिना-वर्ष अशी मुदत छापलेली असते, ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. मुदत संपायच्या आधीच्या महिन्यात नवं रिचार्ज करू नका, आहे ती शिल्लक फेऱ्यांतच संपवा.